डोळ्यांचा चुंबक

फौजदार निघून गेले, तरी नाथाजी हातातला चुंबक खाली ठेवीना.

मुठीएवढा तो तुकडा. पोलादात निकेल आणि ॲल्युमिनियम मिसळून तीन वर्षं त्याने सांगलीतल्या आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये ओतकाम केलं, तेव्हा कुठे हा एकच मनासारखा उतरला होता. लढाईमुळे विलायतेचा माल बंद. कारखान्यातल्या कुणाच्या डोळ्यात लोखंडाची कपची गेली की डॉक्टर हाच मागवून घेत. परवा एका फिटरचा डोळा वाचला, तर नाथाजीने गल्लीभर पेढे वाटले. लेकीच्या बारशाला हात एवढा सैल सुटला नव्हता, असं शालूबाईने, त्याच्या बायकोने, ऐकवलंसुद्धा.

आता तोच चुंबक पोलिसांना हवा होता. कुणीतरी रेल्वेचे रूळ सुरुंगाने उडवले होते, आणि नाथाजीचा भाचा मधुकर तासगावात लंगडताना सापडला होता. पोटरीत बाभळीचा काटा मोडलाय, असं तो म्हणे. सुरुंगाची कपची आहे, असं पोलीस म्हणत. उद्या पोटरीवर चुंबक धरायचा. आत लोखंड असलं तर कातडी ओढली जाईल, आणि मधुकर तुरुंगात. नसलं तर सुटका.

या चुंबकाचं कुणी सांगितलं, असं नाथाजीने विचारून पाहिलं होतं. फौजदार नुसते हसले. कोण तो चोंबडा, या विचाराने नाथाजीच्या अंगाचा तिळपापड झाला. भाच्याचे उद्योग त्याला ठाऊक होते. भूमिगतांना भाकरी पोचवणारं पोर ते, सुरुंगापाशी गेलं नसेल कशावरून? बहिणीचा एकुलता एक. 

सकाळी त्याने भट्टी पेटवली. साहेबापुढं न्यायचाय, जरा तापवून साफ करतो, असं त्याने शालूबाईला सांगितलं.

तासगावच्या चौकीत मधुकर बाकावर निवांत बसला होता. मामाला पाहून हसलासुद्धा. फौजदारांनी आधी चुंबक टाचण्यांवर धरला. एक-दोन चिकटल्या, तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं. मग सुजलेल्या पोटरीवर तो खालीवर फिरवला, टेकवून धरला. कातडी तसूभर हलली नाही. मधुकर सुटला.

गावाबाहेरच्या ओढ्यापर्यंत नाथाजी गुणगुणतच आला. इतकं हलकं त्याला कैक दिवसांत वाटलं नव्हतं. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून तो भाच्याजवळ सरकला.

"आता डाक्टरांकडं चल. ते कुणाला बोलायचे न्हाईत. चिरा देऊनच कपची काढावी लागंल. चुंबकात आता दम न्हाई ऱ्हायला. भट्टीत लाल करून मारलाय त्येला मी. फिरून तसा उतरंल का न्हाई, देवाला ठावं. जाऊ दे गड्या. तू सुटलास, लय झालं."



"आवं मामा, काटाच हाय," मधुकर हळूच म्हणाला. "म्हणून तर मीच फौजदारास्नी म्हणलो, आमच्या मामाचा चुंबक आणा."