बाबांचा धरलेला श्वास

बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुन्हा रद्द झालं. खरं कारण बाहेर सांगायचं नाही. शेजाऱ्यांनी विचारलं तर डॉक्टर रजेवर होते. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या बाबांना काटेच दिसत नाहीत, पण रक्तदाब उतरल्याशिवाय ऑपरेशन नाही. म्हणून महिनाभर श्वासाचा व्यायाम चालला: आई "घ्या", "धरा", "सोडा" म्हणणार, बाबा करणार. आज दवाखान्यात नर्सने रक्तदाब मोजायला दंडाला पट्टा आवळला. आई म्हणाली, "घ्या. धरा." आत्या कडाडली, "वहिनी, धरायचा नसतो हो!" "वन्सं, प्राणायामाच्या शिबिराला मी गेले की तुम्ही?" जुंपली. "सोडा" म्हणायचं राहूनच गेलं. आज्ञाधारक बाबा वांग्यासारखे जांभळे झाले, रक्तदाबाचा पारा चढला. "पुढच्या महिन्यात या," नर्स म्हणाली. वैतागून बाबा खुंटीवरच्या पांढऱ्या कोटाला अदबीने म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पुढील तपासणी पत्नी व भगिनी यांच्या अनुपस्थितीत, शक्यतो परदेशात, करण्यात यावी, ही नम्र विनंती."