थोरलीची सही

रोहिणीच्या लोकप्रशासनाच्या एम.ए.साठी आता एकच अट उरली होती: ग्रामपंचायतीत महिनाभर काम केल्याच्या दाखल्यावर सरपंचांची सही. आणि सरपंच होती तिची थोरली जाऊ.

“महिनाभर सगळ्या बाया तुझ्याभोवती. माझ्या खुर्चीकडं ढुंकून बघत नव्हत्या,” थोरली दाखल्यावर बोट फिरवत म्हणाली. “आतल्या आत धुमसत होते गं मी.”

“तुम्हाला खुर्ची तरी मिळाली, जाऊबाई. मी नुसती त्या खुर्चीपायी तुमच्यावर जळतेय.”

शेजारी बसलेल्या भाऊजींनी, थोरलीच्या नवऱ्यानं, सवयीनं पेन उचललं. सरपंचबाईंच्या सगळ्या सह्या तेच करायचे.

थोरलीनं पेन हिसकावलं. “हिची पदवी माझ्या सहीवर अडलीय, तुमच्या नाही.” एकेक अक्षर जुळवत तिनं स्वतः सही केली.

“घे, पास हो. पण निवडणुकीला माझ्यासमोर उभी राहिलीस, तर चूल वेगळी मांडीन!”