पिवळ्या पोर्शचा जामीन

ॲलॉयसियसने पासपोर्ट टेबलावर ठेवला खरा, पण बोटं त्याच्यावरून उचलली नाहीत.

"छोडो," कंपनीचे मालक मुनीर अर्बाब हसत म्हणाले.

त्याने हात मागे घेतला. अर्बाबनी पासपोर्ट तिजोरीत टाकला आणि किल्ली खिशात घातली. "यहाँ से जो जाएगा, वो वापस आना चाहिए. तुम जामीन."

मस्कतमधल्या त्या कंपनीची रीतच होती ती. कामगारांचे पासपोर्ट ऑफिसच्या तिजोरीत असत. जुना, भरवशाचा हिशेबनीस म्हणून ॲलॉयसियसचा तेवढा त्याच्या स्वतःपाशी होता. कुणी देशाबाहेर निघाला, की त्याचा पासपोर्ट सुटायचा आणि तो परतेपर्यंत दुसऱ्या कुणाचा तरी जामीन म्हणून अडकून राहायचा. या वेळी निघाला होता गॅरेजचा मेकॅनिक एकनाथ. अर्बाबचा एकुलता एक मुलगा सिराज आपली पिवळी पोर्श घेऊन आल्प्सच्या घाटांत फिरायला जाणार होता, आणि मेकॅनिक बरोबर असला तरच जायचं, ही बापाची अट होती.

एकनाथला जामीन राहायला गॅरेजमधलं कुणी तयार होईना. त्याचा मावसभाऊ फ्रँकफर्टला हॉटेलात कामाला होता. हा तिकडे गेला की कसला परत येतोय, असंच सगळे म्हणत. शेवटी सिराज स्वतः ॲलॉयसियसच्या टेबलापाशी आला आणि गॅरेजमध्ये शिकलेल्या मराठीत म्हणाला, "अंकल, तुम्ही राहा ना." त्याला शाळेत जाताना पाहिलेल्या ॲलॉयसियसला नाही म्हणवेना.

घरी बायकोने, लिंडाने भाजी ढवळणं थांबवलं. "आणि तो पळाला म्हणजे? दिवाळीच्या सुट्टीत वसईला लग्न आहे पोरीचं. शेरॉनचा हात धरून चर्चमध्ये कोण जाणार? तुझा अर्बाब?"

"येईल गं तो."

"तू गॅरंटी घेतलीस म्हणून येईल?"

त्यानंतर ॲलॉयसियस एकनाथवर नजर ठेवू लागला. एकनाथने रुवीच्या बाजारातून स्वेटर घेतला. टेलिफोन बूथमध्ये तो गावी बायकोशी बोलत होता, "तिकडं पगार चांगला असतो गं, सुगंधा." ॲलॉयसियस बाहेर रांगेत उभा होता.

दुसऱ्या दिवशी चहाला त्याने विषय काढला. "भावाला भेटणार असशील?"

"वाटेत आला तर भेटेन की."

"भेट. राहू नकोस."

एकनाथ हसला. "बायकोला माहेरी धाडल्यासारखं बोलताय, अंकल."

"गाडीचं कसं काय?"

"छोटे अर्बाब मलाच चालवायला लावतात. निझव्याच्या रस्त्यावर रोज. म्हणतात, पूर्ण हात बसू दे. कस्टमच्या कागदावर पण माझं नाव घातलंय. आणि स्वतः शेजारी बसून नुसते डोंगर बघतात. एवढी गाडी असून!"

ॲलॉयसियसला ते मुळीच आवडलं नाही. वेगवान गाडी आणि तिचे कागद, दोन्ही एकनाथच्या हातात जात होतं.

निघायच्या दिवशी सगळे ऑफिसच्या आवारात जमले. दुबईपर्यंत गाडीने जायचं, तिथून गाडी बोटीने इटलीला, आणि हे दोघे विमानाने. परतताना तसंच. सिराजच्या दोन मोठ्या सुटकेसनी पुढची डिकी आणि मागची सीट भरून गेली. एकनाथला स्वतःची पिशवी मांडीवर घ्यावी लागली.

वरच्या मजल्यावर राहणारी सिराजची आई, खुदेजा, खाली आली. तिने मुलाचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. अर्बाबना ते जास्तच वाटलं. "बस, यल्ला, चलो! वापस आके इब्री का फॅक्टरी देखना है इसको."

"इन्शाल्ला," सिराज म्हणाला. तो आईकडेच बघत होता.

मग दिवस जाईनात. ॲलॉयसियसने लग्नासाठी बूट घेतले, तिकीट घेतलं नाही. सिराजचे फोन यायचे ते घरी, आईला. एकनाथचा एकही आला नाही.

आणि एका संध्याकाळी ऑफिसचा फोन वाजला. सिराज होता.

"अंकल, गाडी उद्या दुपारी मस्कतला पोचेल. बाबांना सांगा."

ॲलॉयसियसने घाईने विचारलं, "आणि एकनाथ?"

"तोही. तुमचा पासपोर्ट सुटला, अंकल." सिराज हसला. "शेरॉनला माझ्या शुभेच्छा द्या."

"तुम्हीच या की लग्नाला. शुभेच्छा स्वतः द्या."

"तुम्ही द्या," सिराज म्हणाला आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी जेवणवेळ टळल्यावर इंजिनाचा तो ओळखीचा आवाज आला. सगळं ऑफिस बाहेर धावलं. वरच्या मजल्यावरची खिडकी तेवढी बंद राहिली. धुळीने माखलेली पोर्श फाटकातून आत आली. काचांवर ऊन चमकत होतं, आतलं काही दिसत नव्हतं. मग ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि स्वेटर कमरेला बांधलेला एकनाथ उतरला.

"आलास रे बाबा!" ॲलॉयसियस पुढे झाला.

एकनाथ त्याच्याकडे बघून हसला नाही.

अर्बाब मात्र खुशीत होते. पासपोर्ट त्यांनी खिशात घालूनच आणला होता. तो ॲलॉयसियसच्या हातात देत ते म्हणाले, "खलास. तुम्हारा आदमी आ गया. जाओ, लड़की का शादी करो."

ॲलॉयसियसने पासपोर्ट शर्टाच्या खिशात ठेवला आणि वरून हात दाबून धरला. लिंडाला आत्ताच फोन करायचा, असं त्याच्या मनात आलं.

अर्बाब गाडीला वळसा घालून पलीकडच्या दाराशी गेले. "सो गया क्या?" म्हणत त्यांनी ते उघडलं. सीटवर एकनाथची पिशवी होती. तिच्याभोवती नीट पट्टा लावलेला होता, आणि वर सिराजची कशिद्याची टोपी.

"बोले, गाडी बाबा को दे देना," एकनाथ खाली बघत म्हणाला. "वो उधर ही रहेंगे."

अर्बाबनी टोपी उचलली. मग मागे न वळता त्यांनी दुसरा हात ॲलॉयसियसपुढे पसरला.

"पासपोर्ट," ते म्हणाले.