वळणावरचं तेल

जुन्या गाडीत नवं इंजिन बसवून ती शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायची, तर इंजिनाच्या बुडाशी तेलाचा चेंबर कुठला लावायचा, हे गिऱ्हाइकाला गॅरेजवाल्या उस्तादांच्या तोंडूनच ऐकायचं होतं. त्याने मागवलेला चहा उस्तादांनी बाजूला सारला. अलीकडे ते गिऱ्हाईक गेल्यावरच चहा पीत.

समजावून सांगायची त्यांची रीत चाळीस वर्षांची होती. साध्या चेंबरमध्ये त्यांनी निम्म्याच्या वर तेल ओतलं आणि तो दोन्ही हातांनी छातीसमोर सपाट धरला.

“सरळ रस्त्यावर तेल गपगुमान बसतं. पण भरधाव वळण घेतलंस की सगळं एका कडेला पळतं, पंप कोरडा पडतो आणि इंजिनाचे तीनतेरा वाजतात. आता हा चेंबर तिरका करतो, बघ.”

तेल या कडेवरून त्या कडेवर डुचमळलं आणि त्यांच्या बुटांवर सांडलं.

“बाप रे, वळणावर एवढं हलतं?” गिऱ्हाईक म्हणालं. “मग आत तेल अडवणाऱ्या आडव्या पट्ट्या असलेलाच द्या, उस्ताद. आणि बसवायचा मात्र तुमच्याच हातांनी.”

उस्तादांनी चेंबर खाली ठेवला आणि दोन्ही हात खिशात कोंबले. तो त्यांनी अजून तिरका केलाच नव्हता.