ओठांतली काडी

नवरा जॅझमध्ये बेस वाजवायचा, आज या बँडबरोबर तर उद्या त्या. बावीस बँड, एकसष्ट रेकॉर्डी, आणि प्रत्येकीच्या कव्हराच्या पाठीवर अगदी खाली, बारीक अक्षरात त्याचं नाव. खोड एकच, वाजवताना गुणगुणायचा. माइक ते नेमकं पकडायचा आणि रेकॉर्डिंगवाले वैतागायचे. शेवटी बायकोनेच युक्ती काढली. वाजवताना ओठांत आगकाडी धरायची.

तो गेल्यापासून ती रोज दुपारी पहिलीपासून ओळीने एकेक रेकॉर्ड लावून बसायची.

"आई, बाबा सगळ्यांत आहेत की! आणखी काय शोधतेस?" लेक म्हणाली.

"वाजवतायत गं. पण तोंड कुठे उघडतायत?"

अठ्ठावन्नाव्या रेकॉर्डवर काडी मोडल्याचा बारीक आवाज आला आणि मागोमाग त्याचं गुणगुणणं. जेमतेम दोन ओळी. तिने सुई मागे नेली. पुन्हा नेली.

"अजून तीन उरल्यात. लावू?" लेकीने डोळे पुसत विचारलं.

"नको."

त्या रेकॉर्डिंगच्या संध्याकाळी तो खाली मान घालून घरी आला होता. "आज काडी मोडली गं," म्हणाला होता. आणि ती फणकाऱ्याने म्हणाली होती, "मग उद्यापासून दोन धरा."