गप्प मशीन

बेशुद्ध बाबांच्या मानेतल्या नळीतून रक्त मशीनमध्ये जायचं आणि गाळून परत यायचं. मान वळली की नळी दुमडते आणि मशीन बोंब मारतं, असं सिस्टरांनी बजावलं होतं. पाच दिवस मशीनने चकार शब्द काढला नव्हता, आणि काळजी नेमकी तीच होती.

डॉक्टर म्हणाले, "बोलत राहा त्यांच्याशी. ऐकू येत असेलही."

मी सगळ्या बातम्या दिल्या. आईचा गुडघा, ताईची बदली, न्हाणीघरातला गळका नळ. विषय संपले, तेव्हा मुंगी आणि हत्तीचा एक विनोद सांगितला. मशीन किंचाळलं.

सिस्टर धावत आल्या. "काय केलंत? नळीला हात लावलात?"

"नाही हो. विनोद सांगितला."

त्यांनी वाकून पाहिलं. "अगंबाई, मान वळलीये! हसले की काय?"

"हसतील कसले! तोंड फिरवलंय. घरीही माझ्या विनोदांवर ते हेच करतात."

सिस्टरांनी बाबांची मान अलगद सरळ केली, नळी तपासली आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

"आणखी एक सांगा बघू," त्या म्हणाल्या. "याहून भिकार असला तर उत्तम."