शेवटच्या कडव्यातली आई

खाणींच्या या खोऱ्यातल्या चर्चमध्ये वाद्य चालत नाही. डेलानाला हे कोणी सांगायला नको होतं, बाप्तिस्मा तिचा इथलाच. तरी बया गिटार घेऊनच पायऱ्या चढली.

"ते बाहेर ठेव," वर्लीन मावशीने तिला दारातच अडवलं. "देवाला गळा पुरतो. त्या गाणाऱ्यांच्या नॅशव्हिलला जाऊन सगळं विसरलीस वाटतं?"

"हात मोकळे ठेवून गाता येत नाही गं मावशी."

"मग हात खिशात घाल."

डेलानाने गिटार भिंतीला टेकवली. आत शवपेटीत तिची आई, ओपल, निळ्या झग्यात निजली होती. केस चोपून बसवलेले. जिवंत असती तर तिने असे बसवू दिले नसते. डेलाना जवळ गेली, बघितलं, मागे फिरली. डोळे कोरडे ठणठणीत. बाकांवरच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आई गेल्याचा फोन आल्यापासून पोरीने टिपूस गाळलं नाही, हे खोऱ्यात सगळ्यांना कळलं होतं. मावशीला तर ते जिव्हारी लागलं होतं. सख्खी बहीण होती तिची.

"आईचं गाणं म्हण ना, डेलाना," खाणीतला म्हातारा ल्यूथर मागून म्हणाला. "रेडिओवरचं."

धर्मोपदेशक ब्रदर क्लेटसनी होकारार्थी मान हलवली. डेलाना पेटीशेजारी उभी राहिली आणि गायला लागली.

गाणं सगळ्यांना पाठ. पहिल्या कडव्यात आई पोरीची वेणी घालते. दुसऱ्यात पोर शहरात निघून जाते. तिसऱ्यात आई मरते. असल्या गाण्यांत शेवटच्या कडव्यात कोणाला तरी मरावंच लागतं, नाहीतर लोक रडत नाहीत आणि रेडिओवाले वाजवत नाहीत. तिसऱ्या कडव्याला डेलानाचा आवाज चिरकला आणि डाव्या गालावरून एक थेंब ओघळला. बायकांनी रुमाल काढले. मावशीने ओठ घट्ट मिटले. तो आवाज तिथेच चिरकतो, थेंब तिथेच ओघळतो, हे तिने जत्रेतल्या मांडवातही पाहिलं होतं आणि टीव्हीवरही.

गाणं संपलं. डेलाना हसली. उजवा हात पहिल्या बाकाकडे लांब केला आणि मोठ्याने म्हणाली,

"ऊठ गं आई! दिसू दे यांना!"

सगळ्यांच्या माना पहिल्या बाकाकडे वळल्या.

तिचं रोजचंच होतं ते. जिथे जिथे गाणं व्हायचं तिथे ओपल पहिल्या रांगेत, धडधाकट. पोरीने हाक मारली की उठायची, हात हलवायची, आणि डोळे पुसणारी माणसं खो खो हसायची. मग बसमध्ये चढताना म्हणायची, "मेले बाई आज पण. आता खायला काय आहे?"

डेलानाचा हात तसाच पुढे राहिला. हसू तोंडावरून उतरायला वेळ लागला.

पहिल्या बाकावरून वर्लीन मावशी उठली. तिचे गुडघे कामातून गेलेले, बाकाला धरून धरून उठली. बहिणी बहिणीच त्या, जबडा तोच, खांदे तेच. क्षणभर डेलानाच्या चेहऱ्यावर उजेड आला, आणि गेला.

"ती नाही उठायची, पोरी," मावशी म्हणाली. "मी आहे ही."

डेलाना खाली बसली. मावशीच्या पायाशी, फरशीवर, अंगातल्या महागड्या झग्यासकट. आणि तिने हंबरडा फोडला. बेसूर, घोगरा, असा की बाहेर बांधलेली कुत्री भुंकायला लागली.

ब्रदर क्लेटस घाईघाईने पुढे आले. मावशीने हात आडवा घातला.

"राहू द्या," ती म्हणाली. "आत्ता कळलंय तिला."